भिंग नसलेली दुर्बीण

डॉ. होमी भाभा म्हटले की आपल्याला ट्रॉम्बेची अणुभट्टी आठवते. ते स्वाभाविकही आहे. पण अणुऊर्जेच्या कामात पडण्याआधी पंधरा वर्षे हा माणूस एका वेगळ्याच गोष्टीमागे लागला होता. अवकाशातून दिवसरात्र आपल्यावर कोसळणारे वैश्विक किरण, म्हणजेच कॉस्मिक रेज, हे त्याचे पहिले प्रेम. ते किरण पकडण्यासाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जी साधने इथल्या इथे, फार पैसा हाताशी नसताना उभी केली, त्यांची गोष्ट आज सांगायची आहे. एका डॉक्टरने ती का सांगावी, हे पुढे येईलच.

आधी या किरणांविषयी थोडे. नाव किरण असले तरी हे प्रकाशासारखे किरण नाहीत. ते बहुतांशी प्रोटॉनसारखे विद्युतभारित कण आहेत. ते वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात आणि त्यांचे तुकडे, त्या तुकड्यांचे तुकडे खाली येतात. हे वाचताना तुमच्या तळहातातून साधारण सेकंदाला एक म्युऑन नावाचा कण आरपार जातो आहे. घाबरायचे कारण नाही. एक्स-रे काढताना रुग्ण हमखास विचारतात की किरणांनी काही होणार तर नाही ना? जगात सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो, त्यातला ०.४ च्या आसपास या आकाशातल्या पाहुण्यांचा असतो. छातीच्या एका एक्स-रेत ०.१ किंवा त्याहून कमीच मिळतो. म्हणजे काही एक्स-रे आपण दरवर्षी फुकटात काढून घेतो, तेही चांगले श्रीमंत उगमाकडून.

श्रीमंत अशासाठी की या कणांची ऊर्जा अफाट असते. एक्स-रेच्या नळीत आम्ही इलेक्ट्रॉनला एक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा देतो, म्हणजे एकावर पाच शून्ये. वैश्विक किरणांतल्या सर्वांत बलाढ्य कणांत एकावर वीस शून्ये इतके इलेक्ट्रॉन-व्होल्ट सापडले आहेत. ताशी ५० किलोमीटर वेगाने फेकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत जेवढा जोर असतो, तेवढा एका प्रोटॉनमध्ये! हे कण कुठून येतात, त्यांना एवढा वेग कोण देते, हे कोडे आजही पूर्ण सुटलेले नाही.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू, सुशिक्षित पारशी घरात झाला. घरात पुस्तके, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या, चित्रे. त्यांच्या आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलाने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, असा घरच्यांचा बेत होता. १९२७ मध्ये मुलगा गेला, पण तिथे त्याचे मन भौतिकशास्त्राने ओढून घेतले. वडिलांशी तडजोड झाली. इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शीक. १९३० मध्ये पहिला वर्ग मिळाला आणि वडिलांनी शब्द पाळला. त्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचा पुढे किती उपयोग झाला, हे भाभांच्या चरित्रात फारसे कोणी ठळकपणे मांडत नाही. माझ्या मते पुढच्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे.

१९३३ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध आला, तो वैश्विक किरणांवरच. १९३५ मध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याचे प्रतिरूप असलेला पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळल्यावर काय होते याचे गणित त्यांनी मांडले. ते आज जगभर भाभा स्कॅटरिंग या नावाने शिकवले जाते. पण सर्वांत महत्त्वाचे काम १९३७ चे. वॉल्टर हाइटलर या जर्मनीतून परागंदा झालेल्या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाचे कोडे उलगडले.

कोडे असे होते. किरण मोजणारी उपकरणे एखादा कण पकडत बसलेली असत आणि मध्येच एकदम कणांचा लोंढा येई. हे एवढे कण एकाच वेळी येतात कुठून? भाभा आणि हाइटलर यांचे उत्तर समजायला सोपे आहे. वेगवान इलेक्ट्रॉन एखाद्या अणूच्या केंद्रकाजवळून गेला की वळताना तो ऊर्जेचा एक कण, म्हणजे फोटॉन, बाहेर टाकतो. आमच्या एक्स-रे मशीनमध्ये किरण तयार होतात ते बहुतेक याच क्रियेने. हा फोटॉन पुरेसा ताकदवान असेल तर पुढच्या एखाद्या केंद्रकाजवळ तो फुटतो आणि त्यातून एक इलेक्ट्रॉन व एक पॉझिट्रॉन जन्मतो. ते दोघे पुन्हा फोटॉन टाकतात, ते फोटॉन पुन्हा फुटतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. प्रत्येक पिढीत ऊर्जा वाटली जाते आणि शेवटी ती इतकी कमी होते की वाढ थांबते. अमेरिकेत ओपेनहायमर आणि कार्लसन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच गणित केले होते.

याचा अर्थ ध्यानात घ्या. वरून आलेला मूळ कण आपल्याला कधीच दिसत नाही, तो वातावरणातच संपतो. पण जमिनीवर किती कण पोहोचले आणि ते किती पसरले हे मोजले, तर उलटे गणित करून मूळ कणाची ऊर्जा काढता येते. पियर ऑजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये आल्प्सच्या उंचीवर एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर ठेवलेली उपकरणे एकाच क्षणी वाजताना पाहिली. ती एकाच प्रचंड वर्षावात भिजत होती. अतिउच्च ऊर्जेच्या कणांचा माग काढणारी आजची प्रत्येक वेधशाळा याच पायावर उभी आहे.

वर्षावाच्या गणितात न बसणारा एक भागही होता. शिशाचे जाड थर भेदून जाणारे काही कण इलेक्ट्रॉन असूच शकत नव्हते. ते इलेक्ट्रॉनपेक्षा जड असे नवेच कण असले पाहिजेत, हे भाभांनी ओळखले. असा कण क्षणार्धात विघटित होत असेल, तर वेगामुळे त्याचे घड्याळ मंदावेल आणि तो अधिक काळ टिकेल, म्हणजे आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची परीक्षा आकाशच घेईल, हेही त्यांनी १९३८ मध्ये सुचवले. तळहातातून जाणारा तो म्युऑन हेच त्याचे उदाहरण. त्याचे आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीएवढे. घड्याळ मंदावले नसते तर वातावरणाच्या वरच्या थरातून बहुतेक म्युऑन जमिनीपर्यंत पोहोचलेच नसते.

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाले. परतीचा रस्ता बंद. वय तिशीचे, युरोपात नाव झालेले, आणि हाती प्रयोगशाळा नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना रीडरची जागा मिळाली. तिथे भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन. तोवर भाभा कागद-पेन्सिलीचे शास्त्रज्ञ होते. इथे मात्र त्यांनी प्रयोगाला हात घातला, आणि त्यासाठी निवडलेले साधन होते गायगर नळ्यांची दुर्बीण.

या दुर्बिणीला भिंगही नसते आणि आरसाही. काचेची एक नळी घ्या. आत तांब्याचे नळकांडे, त्याच्या मधोमध ताणलेली बारीक तार, कमी दाबाचा वायू, आणि तार व नळकांडे यांमध्ये हजार व्होल्टच्या आसपास दाब. विद्युतभारित कण आतून गेला की एक क्षणिक ठिणगी पडावी तसा विद्युतप्रवाह उसळतो आणि मोजणीचा आकडा पुढे सरकतो. पण एकटी नळी कण कुठल्या दिशेने आला हे सांगत नाही. म्हणून अशा तीन नळ्या एकाखाली एक ठेवायच्या आणि तिन्ही एकाच क्षणी वाजल्या तरच नोंद करायची. एखादीच वाजली तर दुर्लक्ष. तिन्ही एकदम वाजल्या म्हणजे कण सरळ वरून खाली गेला. नळ्यांची चौकट तिरकी केली की आकाशाचा दुसरा तुकडा तपासता येतो. मध्ये शिशाचे थर ठेवले की दुबळे कण गळतात, भेदक तेवढे उरतात. वॉल्टर बोटे आणि ब्रुनो रॉसी यांनी युरोपात ही युक्ती शोधली, त्यासाठी लागले ते रेडिओत असतात तसे व्हॉल्व्ह. बोटे यांना पुढे याबद्दल नोबेलही मिळाले. खर्च बघाल तर काच फुंकणारा कसबी कारागीर, निर्वात करणारा पंप, थोडे शिसे आणि भरपूर चिकाटी.

युद्धाच्या काळात परदेशातून सामान मागवणे दुरापास्त होते. त्यामुळे हे सगळे इथेच करणे भाग होते, आणि जमले. ही दुर्बीण उंच न्यायची कशी? बंगळूरला अमेरिकी हवाई दलाची विमाने होती. भाभांनी ती मिळवली. उपकरण विमानात बसवून ३०,००० फुटांपर्यंत नेले आणि १९४५ मध्ये त्या उंचीवरील भेदक कणांची मोजमापे प्रसिद्ध झाली.

बंगळूरच का, याला आणखी एक कारण होते, आणि तिथे गरीब देशाला निसर्गाने दिलेली सवलत दिसते. पृथ्वीचे चुंबकत्व कमी ऊर्जेच्या कणांना ढकलून लावते आणि ही चाळणी चुंबकीय विषुववृत्तापाशी सर्वांत बारीक असते. ते विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेव्हा काश्मीरपासून केरळपर्यंत एकाच देशात वेगवेगळ्या चाळण्या लावल्यासारखे प्रयोग करता येतात. म्हणूनच रॉबर्ट मिलिकन यांच्यासारखा नोबेलविजेता कॅलिफोर्नियाहून फुगे घेऊन पेशावर, आग्रा आणि बंगळूरला आला होता. कण वेगवान करणारी अवाढव्य यंत्रे आपल्याला परवडणारी नव्हती. आकाश हेच आपले यंत्र, हे भाभांनी मनाशी पक्के केले. त्याच बंगळूरला, त्याच युद्धामुळे अडकलेला आणखी एक तरुण गायगर नळ्या घेऊन किरण मोजत बसला होता, विक्रम साराभाई.

आणि एक तरुणी कोलकात्यात. बिभा चौधुरी. देवेंद्रमोहन बोस यांच्या हाताखाली त्या फोटोच्या काचा हिमालयाच्या उंचीवर नेऊन ठेवत आणि महिनोन्महिन्यांनी त्यांवर उमटलेल्या कणांच्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. याहून स्वस्त उपकरण कल्पनेत येणार नाही. त्यांचे निष्कर्ष नेचर नियतकालिकात आले, पण युद्धामुळे अधिक संवेदनशील काचा मिळाल्या नाहीत आणि काम तिथेच थबकले. चांगल्या काचा हाती असलेल्या इंग्लंडच्या सेसिल पॉवेल यांनी त्याच पद्धतीने १९४७ मध्ये पायॉन हा कण शोधला आणि १९५० चे नोबेल मिळवले. स्वस्त साधनाने किती लांब जाता येते आणि कुठे अडते, याचे याहून बोचरे उदाहरण मला माहीत नाही. बिभांनी पुढे मँचेस्टरला जाऊन हवेतील वर्षावांवर डॉक्टरेट केली आणि १९४९ मध्ये भाभांनी त्यांना आपल्या संस्थेत घेतले. ती संस्था म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, टीआयएफआर.

मार्च १९४४ मध्ये भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे अशा संस्थेचा प्रस्ताव पाठवला होता. ट्रस्टने होकार दिला आणि १ जून १९४५ रोजी बंगळूरला संस्था सुरू झाली. वर्षअखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यातल्या काही खोल्यांत आली. नागपूरकरांनी इथे क्षणभर थांबायला हरकत नाही. टाटांच्या उद्योगाचा पाया ज्या कारखान्यांनी घातला, त्यांत १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली आपली एम्प्रेस मिल होती. आज तिथे मॉल आहे. त्या मिलच्या चात्यांवर कातलेल्या सुताचा एखादा धागा त्या केनिलवर्थच्या खोल्यांपर्यंत पोहोचला असे म्हटले तर फार ताणल्यासारखे होणार नाही.

संस्थेत भाभांनी एक नियम घालून दिल्यासारखे केले. जे इथे बनवता येईल ते विकत आणायचे नाही. काचकामाचा विभाग, इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग, कार्यशाळा, सगळे घरचे. सुरुवातीला उपकरणे आकाशात नेली ती रबरी फुग्यांच्या घोसाला बांधून. नंतर पॉलिथिनचे प्रचंड फुगे संस्थेतच चिकटवून तयार होऊ लागले. दुसरीकडे, १९५१ मध्ये बी. व्ही. श्रीकांतन या तरुण सहकाऱ्याला त्यांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत पाठवले. आकाशात नेण्याऐवजी नळ्या जमिनीत खोल उतरवायच्या आणि किती कण तिथवर पोहोचतात ते मोजायचे. खाण सोन्यासाठी आधीच खणलेली होती, शास्त्रज्ञांना ती आयती मिळाली. तिथेच १९६५ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची जगातली पहिली नोंद करणाऱ्यांत आपली माणसे होती.

मात्र भाभा स्वतः एव्हाना दुसरीकडे ओढले गेले होते. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. चाळिशीनंतर त्यांच्या हातून मूलभूत संशोधन जवळजवळ झाले नाही. सभा, परदेशवाऱ्या, इमारती, बागा, संस्थेच्या भिंतींसाठी चित्रांची खरेदी. स्वतः उत्तम चित्रे काढणारा हा माणूस झाडे तोडण्याऐवजी ती मुळांसकट हलवून दुसरीकडे लावण्याचा आग्रह धरी. टीकाही झाली. मेघनाद साहा यांचे म्हणणे होते की पैसा आणि माणसे वेगळ्या संस्थांकडे वळवली तर विद्यापीठे सुकतील. विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांची आजची अवस्था पाहताना साहांचे म्हणणे अगदीच खोटे ठरले असे म्हणवत नाही. पण भाभांनी माणसे आधी आणि इमारत नंतर हा क्रम पाळला, हेही तितकेच खरे.

आता वैद्यकाकडे. आत्या मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्या स्मृतीने टाटा कुटुंब कर्करोगाच्या कामात उतरले आणि १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. १९६२ मध्ये हे रुग्णालय आरोग्य खात्याकडून अणुऊर्जा विभागाकडे आले, तेव्हा त्या विभागाचे प्रमुख त्यांचाच भाचा होता. अणुऊर्जेच्या खात्यात कर्करोगाचे रुग्णालय कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण ट्रॉम्बेत तयार होणारी किरणोत्सारी औषधे रुग्णापर्यंत पोहोचायला तो रस्ता सरळ होता. १९६३ मध्ये परळलाच किरणोत्सारी औषधांचे स्वतंत्र केंद्रही सुरू झाले.

आणि पेट स्कॅन. कर्करोगाच्या रुग्णांना आपण आज ही तपासणी सर्रास सांगतो. शरीरात टोचलेल्या औषधातून पॉझिट्रॉन निघतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भिडून दोघेही नाहीसे होतात आणि परस्परविरुद्ध दिशांना दोन फोटॉन सुटतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातले समोरासमोरचे दोन स्फटिक एकाच क्षणी चमकले तरच यंत्र नोंद घेते, एकच चमकला तर सोडून देते. बंगळूरच्या त्या तीन नळ्या हेच करत होत्या. गाठ शोधण्याची आमची युक्ती आकाश शोधणाऱ्यांकडून आलेली आहे. कर्करोगावर कोबाल्टचे किरण देणारे स्वदेशी यंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे बनवले, त्याचे नाव भाभाट्रॉन. परदेशी यंत्रापेक्षा ते स्वस्त आहे आणि व्हिएतनामलाही भारताने एक भेट दिले. लहान शहरांतल्या रुग्णाला उपचारासाठी मुंबई गाठावी लागते की नाही, हे अशा यंत्रांच्या किमतीवर ठरते. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान जिनिव्हाजवळ माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातले सर्व ११७ जण गेले, त्यांत भाभा होते. वय ५६. ते अविवाहित होते. त्याच पर्वतरांगेत, शामोनी गावाच्या वर, फ्रेंच शास्त्रज्ञांनी वैश्विक किरणांसाठी प्रयोगशाळा बांधली होती आणि तिथल्या गिर्यारोहकांच्या निवाऱ्याला अजूनही त्या किरणांचेच नाव आहे.

उटीला हवेतल्या वर्षावांचे काम भाभांच्या हयातीतच सुरू झाले होते. आज तिथे ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग चालतो. किरण लागताच चमकणाऱ्या प्लास्टिकचे सुमारे ४०० शोधक माळावर पसरलेले आहेत. हे प्लास्टिक तिथेच तयार केले जाते, कारण बाहेरून आणायला ते महाग पडे. शेजारी म्युऑन मोजणारी ५६० चौरस मीटरची दुर्बीण आहे. तीही भिंगाविना. सहा मीटर लांबीच्या, दहा सेंटिमीटर रुंदीच्या ३,७१२ चौकोनी पोलादी नळ्या, प्रत्येकीत एक तार. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर गडगडाटी ढग आले तेव्हा या नळ्यांतली म्युऑनची संख्या घटली आणि त्यावरून ढगातला विद्युतदाब १३० कोटी व्होल्ट होता हे काढता आले.

आपल्या जवळचे सांगायचे तर पचमढी. नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून हजारो लोक जातात, त्याच पचमढीत टीआयएफआरने २५ दुर्बिणी मांडल्या होत्या. प्रत्येकीत जेमतेम ९० सेंटिमीटरचे सात आरसे. अवकाशातून आलेल्या गॅमा किरणांनी हवेत वर्षाव घडवला की काही अब्जांश सेकंद टिकणारी निळसर चमक उमटते, ती टिपायची. एक मोठी, महागडी दुर्बीण घेण्याऐवजी अनेक लहान दुर्बिणींच्या नोंदींच्या वेळा एकमेकींशी ताडून पाहायच्या, अशी ती मांडणी होती. नंतर हे काम लडाखमध्ये हानले येथे, अधिक उंचीवर गेले.

एकावर वीस शून्ये ऊर्जेचा कण मात्र एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत सुमारे एकदाच येतो. तो पकडायला अर्जेंटिनात पियर ऑजे वेधशाळेने ३,००० चौरस किलोमीटर माळरानावर १,६०० च्या आसपास पाण्याच्या टाक्या मांडल्या, भोवती २७ दुर्बिणी ठेवल्या. त्यांतल्या प्रत्येक दुर्बिणीत ४४० प्रकाशसंवेदी नळ्या आहेत. तरीही कण पुरेसे मिळत नाहीत. याच्या दसपट जागा व्यापायची तर एवढ्या महाग दुर्बिणी कोणालाच झेपणार नाहीत. म्हणून १.६ मीटरचा आरसा आणि ४४० ऐवजी फक्त चार नळ्या असलेली साधी दुर्बीण काही शास्त्रज्ञांनी तयार केली आहे. चित्र धूसर येते, पण अशा अनेक दुर्बिणींनी एकच वर्षाव एकाच क्षणी पाहिला तर हिशेब जुळवता येतो. उटाहच्या वाळवंटात आणि अर्जेंटिनाच्या माळावर तिच्या चाचण्या झाल्या आहेत.